ताईच्या २०२२ च्या नोट्सवर नीटची बायो होईल का?

तुमचा प्रश्न असा: सोलापुरात राहून स्टेट बोर्डाची बारावी करतोय, नीट (मेडिकलची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) आणि सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) दोन्ही द्यायच्यात, बायोत नेमकं काय वाचू आणि ताईच्या नोट्स चालतील का? नोट्सचं आधी सांगतो. जशाच्या तशा चालणार नाहीत.

२०२४ पासून नीटचा सिलॅबस बदललाय. ट्रान्सपोर्ट इन प्लांट्स, मिनरल न्यूट्रिशन, डायजेशन, फूड प्रॉडक्शन, एन्व्हायर्नमेंटल इश्यूज हे धडे गेले. पोरं फसतात ती याच्या पुढे. 'डिलीटेड' लिहून पानं दुमडतात आणि विसरून जातात की प्लांट वॉटर रिलेशन, मिनरल न्यूट्रिशन, फूड प्रॉडक्शन बालभारतीच्या (स्टेट बोर्डाच्या पुस्तकाच्या) बारावीत जसेच्या तसे आहेत. बोर्डाला आणि सीईटीला ते लागतातच. ह्यूमन न्यूट्रिशनही, म्हणजे डायजेशनच, सोडू नका. सीईटी अकरावीतून मोजकेच धडे घेते, त्यात तो आहे. बाकीचे बायोमॉलिक्यूल्स, रेस्पिरेशन आणि एक्सक्रीशन. उलट सर्क्युलेशन एनसीईआरटीत (नीट ज्यावर चालते त्या पुस्तकात) अकरावीला, बालभारतीत बारावीला. एकाच वाचनात दोन्ही उरकतं.

म्हणून सिलॅबसची प्रिंट काढा, दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवा आणि धड्यापुढे नाही, उपमुद्द्यापुढे न (नीट), स (सीईटी), ब (बोर्ड) अशा खुणा करा. तिन्ही खुणा पडल्या तिथून सुरुवात. तिथे आधी एनसीईआरटी, मग बालभारती. नुसता 'न' असलेलं, म्हणजे अ‍ॅनिमल किंगडम, प्लांट किंगडम वगैरे, बोर्डाच्या आधीच संपवा. मार्चनंतर पाठांतराला वेळ मिळत नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग: फॅमिली, म्हणजे वनस्पतींची कुळं. नव्या एनसीईआरटीत फक्त सोलॅनेसी उरलीय, पण सिलॅबस माल्वेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी, ग्रॅमिनी मागतो. नुसतं पुस्तक घोकणाऱ्याला हे दिसतच नाही. कुठल्याही शेताच्या बांधावर जा. भेंडीचं फूल उघडा, पुंकेसरांची एकच नळी झालेली दिसेल: माल्वेसी. करडईचं बोंड उभं चिरा. एक फूल वाटतं ते नळीसारख्या फुलांचा झुपका निघतो: कंपोझिटी. सूर्यफुलात कडेची चपटी फुलं वेगळी, करडईत ती नसतात. मोहरीत सहा पुंकेसर, चार लांब, दोन आखूड: क्रुसिफेरी. ज्वारीचा दाणा म्हणजे कॅरिऑप्सिस, फळाची साल बीला चिकटलेलं फळ: ग्रॅमिनी. तूर, भुईमूग कुठल्या फॅमिलीत ते तुम्हीच सांगा.

आणि "लातूरला गेल्याशिवाय होत नाही" म्हणणाऱ्या आमच्या मामांना एकदाच सांगून टाकतो: नीटला बायोचे ९० प्रश्न, ३६० मार्क, आणि ते बहुतेक एनसीईआरटीच्या छापील ओळीवर फिरतात, ओळ सोलापुरातही तीच छापलेली असते. फिजिक्ससाठी लातूर गाठायचं असेल तर माझी ना नाही.

नीटला चुकलं की एक मार्क जातो, सीईटीत जात नाही, तेव्हा तिथे बायोच्या १०० पैकी एकही प्रश्न रिकामा ठेवू नका. आणि हो, यादी त्या वर्षीच्या माहितीपत्रकाशी ताडून घ्या, माझ्या या उत्तराशी नाही.