हद्दीवरून चालून ये

प्रिय मित्रा,

तुझे चार पानी पत्र दोनदा वाचले. आजोळच्या एकोणीस एकर रानाचा सौदा सरपणाच्या ठेकेदाराशी ठरत आला आहे, सातबाऱ्यावर तेवीस नावे आहेत, त्यांतली चौदा माणसे मुंबईला आहेत, आणि मित्रमंडळींकडून बारा लाख रुपये जमले तर ट्रस्ट काढून जमीन विकत घ्यावी की मालकांशी रान न तोडण्याचा करार करावा, असे तू विचारतोस. रान वाचवावे की नाही, हे तू विचारलेले नाहीस, म्हणून तर उत्तर लिहायला बसलो. पण त्या चार पानांत एक गोष्ट कुठेच नाही. त्या रानाच्या हद्दीवरून तू एकदा तरी पूर्ण चालला आहेस का?

कागदाचे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या मजकुराकडे तुझे लक्ष लागणार नाही. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि ट्रस्ट म्हणजे शेतकरी नव्हे. विक्री असो वा भाडेपट्टा, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तू स्वतः शेतकरी खातेदार आहेस म्हणून तुझ्या नावे घेशील, तर ती जमीन तुझी आणि तुझ्या वारसांची होईल, रानाची होणार नाही. उलट एकदा ती सार्वजनिक न्यासाच्या नावावर चढली की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही, आणि हे कुंपण चांगले मजबूत आहे. अमेरिकेत मालक जमीन स्वतःकडेच ठेवून ‘इथे तोड होणार नाही’ असा हक्क ट्रस्टला लिहून देतो आणि तो पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला बांधून ठेवतो. तशी सरळ सोय आपल्याकडे नाही. म्हणून करार केलास तर तेवीसच्या तेवीस सह्या घे, कारण एका सामायिक हिस्सेदाराने आपला अविभक्त हिस्सा विकला की ठेकेदाराचा पाय आत आलाच म्हणून समज. एवढे वकीलही सांगेल.

वकील जे सांगणार नाही ते असे: हद्द चालली पाहिजे. दर वर्षी, पूर्ण, पायी. पावसाळा सरल्यावर एकदा आणि वणव्याच्या दिवसांआधी एकदा.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही एका कुटुंबाशी एकतीस एकर रान दहा वर्षे न तोडण्याचा करार केला. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बहुतेक रान असे खासगी मालकीचेच आहे, आणि दर आठ-दहा वर्षांनी ते तोडीला जाते, हे तुला माहीत आहे. मोबदला दिला, सह्या झाल्या, फलक लावला. मग मी देणग्या गोळा करायला आणि अहवाल लिहायला मोकळा झालो. दोन वर्षे तिकडे फिरकलो नाही. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत गेलो, तेव्हा पूर्वेकडचा गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, चाळीस पावले आत सरकलेला होता, तोच जांभा, तेच दगड, नीट रचलेले. आणि त्या पट्ट्यातला बेहडा आडवा पडला होता. गावात ज्याला गरुड म्हणतात तो धनेश पक्षी त्या झाडाच्या ढोलीत दर वर्षी घरटे करीत असे. ढोलीच्या तोंडाशी विष्ठेचे आणि मातीचे लिंपण अर्धे तसेच होते, खापरासारखे कडक. आत हात घातला तर मादीची गळलेली पिसे लागली. ती आत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून भरवतो, हे तू वाचलेच असशील. आम्ही ते तोडलेल्या ढोलीच्या तोंडाशी बसून पाहिले.

शेजाऱ्यावर मी ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, दोन वर्षे तुम्ही आला नाहीत, आम्हांला वाटले सोडून दिलेत. त्याच्या गडग्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेले नाही, पण त्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

तू ओढ्याकाठच्या पाणथळीबद्दल फार हळवे होऊन लिहिले आहेस, म्हणून हेही ऐक. इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टने १८९९ मध्ये विकेन फेन या दलदलीची दोन एकर जमीन घेतली. पुढे ती वाढत गेली, पण भोवतालची शेती निचरा करून सुकवल्यामुळे ती जमीन खचली आणि दलदल आसपासच्या शेतांपेक्षा उंचावर राहिली, म्हणून तिच्यातले पाणी टिकवण्यासाठी आजही खटपट करावी लागते. सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे येथील जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली, ती अवघी अडीच हेक्टरांच्या आसपास आहे. चिखलातून गुडघ्यांसारखी वर आलेली तिथली मुळे पाहून माणूस हरखतो, पण वळून वरचा उतार पाहत नाही. तुझ्या पाणथळीचे पाणी कोणाच्या गटातून येते? तिथे उद्या रबर लागला, तर तुझे खरेदीखत काय कामाचे? हे नकाशावर दिसत नाही, मित्रा, हद्दीवरून चालताना वरच्या अंगाला डोके वळवले की दिसते.

म्हणून बारा लाख सगळे जमिनीत घालू नकोस. सहा लाख ठेवीत ठेव. सात टक्के धरले तरी महिन्याला साडेतीन हजार येतील, आणि त्यात गावातलाच एक माणूस हद्द फिरेल, वणवा अडवायला गवत काढून जाळरेषा काढेल, गडग्याचा पडलेला दगड परत लावेल. मला एकदा एका देणगीदाराने मोठी रक्कम देऊ केली होती, अट एवढीच की दहा हजार रोपे लावायची. मी रखवालदाराचा पगार मागितला, त्यांनी रोपांचाच आग्रह धरला, मी नाही म्हणालो. त्यावरून माझे दोन जुने सहकारी सोडून गेले आणि मला आजही हटवादी म्हणतात. म्हणोत. तोडलेला ऐन आणि किंजळ बुंध्यातून स्वतःच फुटतो. त्याला रोप नको, राखण हवी. हे लिहिताना मी स्वतःचीच बाजू मांडतो आहे, हे मला कळते. कदाचित ते पैसे घेऊन त्यांतले थोडे रखवालीला वळवता आले असते. पण त्या वर्षी मी नुकताच बेहड्याचा बुंधा पाहून आलो होतो.

तेव्हा सौद्याला महिनाभराची मुदत माग आणि या शनिवारी आजोळी जा. गडग्यापलीकडच्या शेजाऱ्यांची नावे वहीत लिही. सातबाऱ्यावरची नव्हेत, प्रत्यक्ष कसणाऱ्यांची. जो सगळ्यांत नाराज असेल, त्याच्याकडे आधी चहाला बस. मग माझ्याकडे ये, आपण दोघे पुन्हा फिरू. माझा डावा गुडघा आता चढाला साथ देत नाही, तेव्हा ओढ्याकडची बाजू मी घेईन आणि वरची तू. मोजणीच्या नकाशाची झेरॉक्स आण, मूळ प्रत नको, मागच्या वेळी माझी ओढ्यात भिजली.

तुझा,
काका