ऑटोकॅडचे प्रोजेक्ट नव्या कॉम्प्युटरवर नेले की एक्सरेफ तुटतात. फाइलींना नावं कशी द्यावीत?

तुम्ही लिहिलंय की डिचोलीच्या तुमच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला, जुन्यावरचे सगळे प्रोजेक्ट कॉपी केले आणि आता निम्मी ड्रॉइंग्ज उघडली की एक्सरेफ, म्हणजे त्यांना बाहेरून जोडलेल्या दुसऱ्या फाइली, सापडत नाहीत. त्यात 'प्लॅन फायनल', 'प्लॅन फायनल नवा', 'सरांनी पाहिलेला फायनल' अशी नावं, त्यामुळे कुठली फाइल कुठे जोडायची तेही कळेना. मी फोंड्याला स्ट्रक्चरल ड्रॉइंगचं काम करते, अकरा वर्षं झाली. आधी एक कळकळीची विनंती. आज एकाही फाइलचं नाव बदलू नका, आणि जुना कॉम्प्युटर फॉरमॅटला द्यायचं ठरलं असेल तर ते थांबवा.

'सापडत नाही' म्हणणाऱ्या ड्रॉइंगचं मला फारसं भय वाटत नाही. काहीही न बोलता व्यवस्थित उघडतं, त्याचं वाटतं.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्याकडे एका घराचं काम होतं. मधोमध राजांगण, म्हणजे उघडा चौक, चारी बाजूंनी खांब, जुन्या धर्तीचं. आर्किटेक्टचा प्लॅन मी आमच्या कॉलम लेआउटला एक्सरेफ म्हणून जोडला होता आणि तो डी ड्राइव्हवर होता. मग मशीन बदललं. नव्यात डी ड्राइव्हच नव्हता. मी लेआउट उघडला, प्लॅन नीट दिसला, प्रिंट काढून साइटवर पाठवली. चार दिवसांनी कंत्राटदाराचा फोन आला, "मॅडम, राजांगणाचे खांब पडवीत येतायत." फक्की मारून झाली होती, जांभ्यात सहा खड्डेही खणून झाले होते. मधल्या काळात आर्किटेक्टने राजांगण पाऊण मीटर मागे घेतलं होतं. माझ्या प्रिंटवर ते जुन्याच जागी होतं.

झालं असं की लिहिलेल्या पत्त्यावर फाइल मिळाली नाही तर ऑटोकॅड तिथेच थांबत नाही. मूळ ड्रॉइंग ज्या फोल्डरात आहे, तिथे त्या नावाची फाइल आहे का ते बघतो. तिथे होती. घरी काम न्यायला मी पेन ड्राइव्हवर घेतलेली आणि परत आणून टाकलेली, दोन महिने जुनी कॉपी. नाव तंतोतंत तेच. खड्डे बुजवायचे पैसे ऑफिसने भरले, पण भर उन्हात जांभा फोडणाऱ्या माणसांचे ते दिवस फुकट गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून एक्सरेफ पॅलेट उघडा, एकेक रेफरन्स निवडा आणि खालच्या तपशिलात 'सेव्हड पाथ' आणि 'फाउंड ॲट' या दोन ओळी वाचा. दोन्ही एकाच जागेकडे बोट दाखवतात का? स्टेटसमध्ये 'लोडेड' दिसलं म्हणून पुढे जाऊ नका. माझ्या त्या ड्रॉइंगातही 'लोडेड'च होतं.

जे खरोखर सापडत नाहीत त्यांच्यावर राइट क्लिक करून 'सिलेक्ट न्यू पाथ' द्या. ही सोय २०१८ आणि नंतरच्या व्हर्जनमध्ये आहे, आणि तोच पत्ता बाकीच्या हरवलेल्या रेफरन्सना लावू का, असं ते स्वतःच विचारतं. ड्रॉइंग्ज शेकड्यांनी असतील तर ऑटोकॅडबरोबर येणारा 'रेफरन्स मॅनेजर' वापरा, त्यात ड्रॉइंग न उघडता एकगठ्ठा पत्ते बदलता येतात. ते झालं की सगळे पाथ रिलेटिव्ह करा, म्हणजे पत्ता ड्राइव्हपासून नाही, मूळ ड्रॉइंगच्या फोल्डरापासून धरलेला. २०१८पासून नवा एक्सरेफ आपोआप रिलेटिव्हच जोडला जातो. त्याआधी पूर्ण पाथ पडायचा, तुमची जुनी ड्रॉइंग्ज बहुतेक त्यातली. रिलेटिव्ह असलं की प्रोजेक्टचं फोल्डर अख्खं उचलून कुठेही ठेवा. मात्र दोन्ही फाइली एकाच ड्राइव्हवर हव्यात.

आता नावांबद्दल, कारण मूळ दुखणं तिथे आहे. एक्सरेफ म्हणजे दुसऱ्या फाइलचं नाव आणि पत्ता, एवढंच. नावात 'फायनल' घातलं की पुढच्या बदलाला नाव बदलावं लागतं, आणि नाव बदललं की तिच्यावर अवलंबून असलेलं प्रत्येक ड्रॉइंग तुटतं. ज्या फाइलला दुसरी फाइल जोडलेली आहे तिचं नाव बारशाला ठेवल्यासारखं एकदाच ठेवायचं. आमच्याकडे रिव्हिजन नंबर टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे शीटवरच्या माहितीच्या चौकटीत जातो आणि बाहेर पाठवायच्या पीडीएफच्या नावात. डीडब्ल्यूजीच्या, म्हणजे ऑटोकॅडच्या मूळ फाइलच्या नावात कधीच नाही. बदल करण्याआधी जुनी फाइल झिप करून तारखेसह 'जुने' फोल्डरात टाकतो. झिपच का, तर ऑटोकॅडला ती चुकूनही उघडता येऊ नये म्हणून.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. सगळे प्रोजेक्टला सर्व्हे नंबरवरून ओळखतात, पण १२४/३ मधली तिरकी रेघ विंडोज फाइलच्या नावात घेत नाही. मग एक जण १२४-३ लिहितो, दुसरा १२४_३, तिसरा नुसती जागा सोडतो, आणि १२४/३-ए आला की गोंधळात भर. पणजी-म्हापशात तर सर्व्हे नंबरऐवजी शहरी भूमापनाचा चलता नंबर. त्यापेक्षा ऑफिसच्या वहीतला कामाचा नंबर घ्या, पुढे कामाचा प्रकार, मग शीटचा क्रमांक ०१, ०२ असा शून्यासकट. सर्व्हे नंबर टायटल ब्लॉकमध्ये शोभतो.

सर्व्हे प्लॅनचं स्कॅनही तपासा. चित्र डीडब्ल्यूजीच्या आत जात नाही, तेही बाहेरून जोडलेलं असतं. क्लायंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेला प्लॅन 'डाउनलोड्स'मधून थेट जोडलेला मी कितीतरी वेळा पाहिलाय. फोल्डर साफ केलं की ड्रॉइंगात नुसती चौकट आणि तिच्यात फाइलचा पत्ता उरतो.

वेर्ण्याच्या कारखान्यात यंत्रांच्या डिझाइनचं सॉलिडवर्क्स हे सॉफ्टवेअर चालवणारी माझी मैत्रीण सांगते की तिथे हे आणखी जपावं लागतं. 'ब्रॅकेट' नावाचा एक पार्ट आधीच उघडा असेल आणि तुम्ही त्याच नावाचा पार्ट असलेली दुसऱ्या मशीनची असेंब्ली, म्हणजे पार्ट जोडून केलेली फाइल उघडली, तर उघडा असलेलाच तिच्यात बसतो.

दुसऱ्याला काम पाठवताना हाताने फाइली वेचू नका, ऑटोकॅडचं 'ई-ट्रान्समिट' वापरा, ते जोडलेल्या फाइलींसकट गठ्ठा बांधतं. त्यात फॉन्टच्या पर्यायावर खूण करायला विसरू नका.

सगळे प्रोजेक्ट एका दमात दुरुस्त करायला बसू नका. ज्यांच्या प्रिंट या आठवड्यात साइटवर किंवा टीसीपीला, म्हणजे नगर नियोजन खात्याला जायच्या आहेत, तेवढ्यांचं 'फाउंड ॲट' आज वाचून काढा. बाकीची जसजशी उघडाल तसतशी करा.