गावतळ्यात गळाला चार किलोचा मांगूर लागला. परत सोडावा की नाही?

अजिबात सोडू नका. तुम्ही लिहिलंय की मासा काळपट, अंगावर खवले नाहीत, मिशा आठ, पाठीवरचा पर डोक्यामागून निघून थेट शेपटीपर्यंत गेलेला, आणि पोत्यात घालून घरी आणला तरी वळवळत होता. वर वजन चार किलो. एवढ्यावर फोटो न बघताही सांगतो, हा आफ्रिकन मांगूर. बाजारात त्यालाच थाई मांगूर म्हणतात. आपला गावठी मांगूर अर्धा-पाऊण किलोच्या पुढे सहसा जात नाही. शिंगाळा म्हणाल तर त्याचा पाठीवरचा पर आखूड असतो.

आमच्या मच्छीमार संस्थेकडे इंदापूर भागातला एक तलाव ठेक्याने आहे, म्हणून या माशाशी आमचा रोजचा संबंध. पावसाळ्यात आम्ही रोहू, कटला, मृगळची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडतो. गेल्या हंगामात जाळ्यात आलेला असाच एक मोठा मांगूर बांधावरच चिरला. पोटात आमचीच बोटुकली निघाली, काही अजून ओळखू येत होती, खेकड्याची एक नांगी आणि कोंबडीचं ओलं पीस. म्हणजे बीज आमच्या पैशाचं, जेवण त्याचं! तो निव्वळ मांसाहारी नाही, मिळेल ते खातो. दुसऱ्या शिकारी माशाचं भक्ष्य संपलं तर त्याची उपासमार होते. याची होत नाही, म्हणून तो टिकतो आणि बाकीचे मागे पडतात. राजस्थानात भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात हाच मासा कालव्याच्या पाण्यातून शिरला. तिथे तो पाणपक्ष्यांची पिल्लंही गिळतो, आणि वनखात्याला वर्षानुवर्षं जाळी टाकून तो काढावा लागतोय.

तुमचा दुसरा प्रश्न, गावतळ्यात तो आला कुठून? वरच्या अंगाला कोणाचं शेततळं आहे का बघा. 1990च्या दशकात हा मासा बांगलादेशमार्गे चोरून भारतात आला आणि लपूनछपून पसरला, कारण पाळायला याच्याइतका स्वस्त मासा नाही. पाण्यात प्राणवायू कमी असला तरी चालतो, कारण कल्ल्यांच्या जोडीला हवेतून श्वास घ्यायचं वेगळं इंद्रिय त्याला आहे. खायला चिकनच्या दुकानातली आतडी टाकली की झालं. मग एखाद्या जोराच्या पावसात शेततळं भरून वाहतं, मासे ओढ्याला लागतात आणि ओढ्यातून तलावात. ओलावा असेल तर जमिनीवरूनही थोडं अंतर सरपटत जातो. पुराचं पाणी कडेच्या गवतात चढलं की तिथेच अंडी घालतो, एक मादी हजारोंनी.

आणखी एक वाट आहे, ती ऐकून लोकांना राग येतो. पुण्य लागावं म्हणून बाजारातून जिवंत मासे घेऊन तळ्यात सोडणारी मंडळी. बाजारात टपात तासन् तास जिवंत राहतो तो मांगूरच, त्यामुळे पुण्याच्या नावाखाली बहुतेक वेळा हाच पाण्यात पडतो.

हा मासा खाऊन कॅन्सर होतो का, हेही विचारलंत. मोबाइलवर फिरणाऱ्या त्या मेसेजवर जाऊ नका. मासा जातीने विषारी नाही. नायजेरियात तो रीतसर पाळतात आणि आवडीने खातात. आपल्याकडे केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली, पुढे राष्ट्रीय हरित लवादानेही आदेश दिले, ते देशी मासे वाचावेत म्हणून आणि ज्या घाणीत तो वाढवतात तिच्यामुळे. त्यामुळे प्रश्न तुमच्या तळ्यात काय मिसळतं हा आहे. गावाचं सांडपाणी येत असेल तर मी तरी खाणार नाही.

आता हातातल्या माशाचं. गालफडामागच्या परात टोकदार काटा असतो, तो लागला तर हात दिवसभर ठणकतो, म्हणून ओल्या गोणपाटाने धरा. पाण्याबाहेर ठेवून तो लवकर मरत नाही, उगाच तडफडतो. डोक्यावर एक जोराचा दणका द्या, विषय संपवा. मारण्याआधी डोक्याचा वरून आणि पूर्ण अंगाचा बाजूने फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. तो जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात सहायक आयुक्तांच्या नावे अर्जासोबत द्या. अर्जात तलावाचं नाव, तारीख, वजन लिहा आणि वरच्या अंगाला शेततळी असतील तर त्यांचे गट नंबरही. तलाव ठेक्याने दिलेला असेल तर संस्थेच्या चेअरमनला आधी गाठा. बीज त्याचं जातंय, तो तुमच्यापेक्षा जास्त धावपळ करेल.

एकच मासा काढून तळं साफ होणार नाही, हे खरं. पण मे महिन्यात पाणी तळाला गेलं की उरलेल्या डबक्यात हे सगळे एकत्र सापडतात. गावात दहा-बारा जण आणि एक ओढजाळं असेल तर तेव्हाच एक दिवस लावा, पावसाआधी.