आईला अल्झायमर झालाय. बदाम, ब्राह्मी आणि सुडोकूने माझा धोका कमी होईल का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं वय ४४ आहे, आईला ७२व्या वर्षी अल्झायमरचं निदान झालं, आणि त्या धसक्याने तुम्ही भिजवलेले बदाम, ब्राह्मीच्या गोळ्या आणि रोजचा सुडोकू सुरू केलाय. यातल्या कशाने सहसा अपाय होत नाही. पण भिस्त यावर ठेवू नका. सुडोकूच्या सरावाने सुडोकू चांगला सुटू लागतो, एवढंच खात्रीने म्हणता येतं. गोळ्यांचं म्हणाल, तर स्मरणशक्तीसाठी जगभर खपणाऱ्या गिंको बिलोबा या झाडाच्या पानांच्या अर्काची अमेरिकेत तीन हजारांवर वृद्धांवर चाचणी झाली. रोज दोनदा १२० मिलिग्रॅम, सुमारे सहा वर्षं. २००८ साली निकाल आला: डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) टळला नाही.

आधी आनुवंशिकतेची भीती थोडी कमी करतो. आईला सत्तरीनंतर आजार झाला म्हणजे तुमचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त, पण तुम्हाला होणारच असं नाही. पिढ्यान्‌पिढ्या पन्नाशीतच आजार होणारी घराणी असतात, तो प्रकार वेगळा आणि फार दुर्मीळ.

आता हातात काय आहे ते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात डिमेन्शियाचे १४ धोके दिले आहेत. ते सगळे दूर झाले तर जगातली सुमारे ४५ टक्के डिमेन्शियाची प्रकरणं टळू किंवा लांबू शकतील, असा अंदाज आहे. हा हिशेब अख्ख्या लोकसंख्येचा आहे, एका माणसाला दिलेली हमी नव्हे. तरी त्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी चाळिशी-पन्नाशीत मोजता येतात आणि सुधारता येतात. म्हणून तुमच्या वयाला हे वाचणं अगदी वेळेवर आहे.

मी सुरुवात बीपीपासून करेन. मेंदूच्या आतल्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या केसासारख्या बारीक असतात. वर्षानुवर्षं जास्त दाबाने त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, आणि त्यांच्या भोवतालचा मेंदू थोडाथोडा उपाशी राहतो. दुखत काहीच नाही. तिशी-चाळिशीतल्या माणसाला वाटतं, डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही. तसं नसतं. अहवालाचा सल्ला आहे की चाळिशीपासून वरचा आकडा १३० किंवा त्याखाली राहावा.

घरी मोजताना मात्र निम्मी माणसं चुकतात असं समजून चला. दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. दंडाचा घेर टेपने मोजून तेवढ्या मापाचा पट्टा घ्या. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर टेकवून पाच मिनिटं गप्प बसा. मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसू नका. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी सुरू झाली आणि आकडा उतरला, की बरेच जण गोळी बंद करतात. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो. बंद केली की पुन्हा चढतो.

मिठाचा एक सोपा हिशेब करून बघा. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण. चौघांच्या घरात एक किलोची पुडी महिन्यात संपत असेल तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर गेलात, आणि त्यात बाहेरचे पापड, लोणचं, फरसाण, वडापाव धरलेला नाही.

दुसरी गोष्ट कान. आपल्याकडे याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि त्या ४५ टक्क्यांत कमी ऐकू येण्याचा वाटा सगळ्यात मोठ्यांपैकी आहे: ७ टक्के, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलइतकाच. ऐकू कमी आलं की मेंदूची ताकद शब्द ओळखण्यातच खर्च होते, आणि माणूस हळूहळू बोलणंच टाळतो. टीव्हीचा आवाज घरातल्या इतरांना मोठा वाटू लागला, फोनवर ठीक पण लग्नाच्या हॉलमध्ये काहीच कळत नाही, अशी वेळ आली की ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. आधी कानातला मळ डॉक्टरांकडून काढून घ्या, कधीकधी तेवढ्यानेच भागतं.

ऐकण्याचं मशीन लागलंच, तर ते ऑडिओग्रामनुसार, म्हणजे त्या तपासणीच्या आलेखानुसार, लावून घ्यावं लागतं. दुकानातून उचलून कानात घातलेलं चालत नाही. पहिल्या दिवसांत भांड्यांचा खणखणाट टोचतो, स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा वाटतो. इथेच मशीन कपाटात जातं. त्याऐवजी शांत खोलीत रोज एक-दोन तास, मग वाढवत दिवसभर. शिट्टी वाजत असेल तर बहुधा ते कानात नीट बसलेलं नाही, पुन्हा बसवून घ्या. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. मुंबईकडच्या लोकांना वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्थेत तपासणी करता येते.

बाकीचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्ही ऐकलेलं असणार. वर्षातून एकदा एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) करा. चाळिशीतलं वाढलेलं एलडीएल म्हातारपणात भोवतं. विडी-सिगारेट बंद. मशेरी आणि तंबाखूही, निकोटिनने बीपी चढतंच. दारूचा धोका आठवड्याला १६८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोलच्या पुढे स्पष्ट दिसतो, म्हणजे ३० मिलीचे सोळा-सतरा पेग. ही परवानगी समजू नका, बीपी त्याच्या बरंच आधी वाढतं. दुचाकीवर हेल्मेट घाला आणि हनुवटीखालचा पट्टा लावा, कारण डोक्याचा मार यादीत आहे. चालायचं तर आठवड्याला १५० मिनिटं, अशा वेगाने की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. मोतीबिंदू ‘पिकू दे’ म्हणून थांबायची आता गरज नसते, आणि न सुधारलेली दृष्टीही त्या १४ धोक्यांत आहे.

एकटेपणाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. यादीत त्याचा वाटा ५ टक्के आहे, बीपीच्या अडीचपट. निवृत्तीनंतर, जोडीदार गेल्यावर, मुलं परगावी गेल्यावर माणसाच्या तोंडून दिवसभरात दहा वाक्यंही निघत नाहीत. भजनी मंडळ, हास्यक्लब, सोसायटीचा हिशेब, नातवाला शाळेत सोडणं, काहीही चालेल. पण जिथे आपण न गेल्यास कुणीतरी विचारपूस करेल, अशी जागा हवी. सतत उदास वाटत असेल तर ‘वयामुळे होतंय’ म्हणून सोडू नका. नैराश्यही त्या यादीतच आहे आणि त्यावर उपचार होतात.

आणि आईचं. निदान झालं असलं तरी त्यांचा बी१२, थायरॉइड (टीएसएच) आणि कान तपासले गेलेत का ते विचारा. शाकाहारी घरात बी१२ कमी असणं नेहमीचं आहे. झोपेच्या, ॲलर्जीच्या किंवा वारंवार लघवी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा, त्यातल्या काहींनी गोंधळ वाढतो. यातून अल्झायमर जाणार नाही, पण त्यावर चढलेला जास्तीचा गोंधळ कमी होऊ शकतो. त्यांना घेऊन जाल त्याच दिवशी स्वतःचंही बीपी बघून घ्या.