खवाट्यांच्या मध्ये दुखतं, एमआरआय करू का?

प्रश्न : वय ५२, इचलकरंजीत ब्लाउज शिवते. पाळी जाऊन चार वर्षं झाली. लग्नसराई सुरू झाल्यापासून दोन्ही खवाट्यांच्या मध्ये दुखतं. शेजारीण म्हणते उसण भरलीय, जाऊबाई म्हणतात हृदयाचं असेल. नातू पाठ तुडवतो तेव्हा बरं वाटतं. एमआरआय करू का?

उत्तर : ताई, आधी नातवाला पाठीवरून उतरवा. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होत जातात. अशा मणक्याला भरलेली कळशी उचलतानाही फ्रॅक्चर होऊ शकतं.

पाठीच्या या भागातले बारा मणके बरगड्यांनी बांधलेले असतात. ते फार हलत नाहीत, म्हणून मानेत किंवा कमरेत सरकते तशी गादी इथे क्वचितच सरकते. दुखतात ते बहुधा स्नायू. कामाच्या दिवसांत वाढणारं आणि सुट्टीच्या दिवशी हलकं होणारं दुखणं असेल, तर शेजारणीचंच खरं. मला शिलाई मशीनपेक्षा तुमच्या हुक-काजांचा संशय जास्त येतो. कापड मांडीवर घेऊन तासन्‌तास मान खाली! मांडीवर जाड उशी ठेवा, काम वर येईल. अर्ध्या तासाने उठा, खांदे मागे खेचा, रात्री शेक घ्या. एमआरआय आत्ता नको. या वयात त्यात काही ना काही दिसतंच आणि माणूस उगाच घाबरतो.

जाऊबाईंनाही मोडीत काढू नका. जिना चढताना दुखून थांबल्यावर राहत असेल, तर याच आठवड्यात ईसीजी आणि तपासणी. दुखण्यासोबत दरदरून घाम, धाप किंवा जबड्यात कळ आली, तर थेट १०८ला फोन. बायकांना हृदयविकारात छातीत दुखेलच असं नाही.

आडवं पडूनही रात्री ठणकतं, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतंय? मग मणक्याचा टीबी आधी तपासावा लागतो. त्याला खोकला लागतोच असं नाही, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत तो दिसेलच असंही नाही. तिथे मात्र एमआरआय हवाच. उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. चालताना चप्पल पायातून निसटली आणि कळलंच नाही, पाय जड पडले, लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. पूर्वी कॅन्सर झाला असेल किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तरी थांबू नका.

यातलं काहीच नसेल, तर महिनाभर वरचे बदल करून बघा. फरक नाही पडला, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि हो, चष्म्याचा नंबर कधी तपासला होता? टाका दिसत नाही म्हणून वाकणाऱ्या बऱ्याच शिवणकाम करणाऱ्या बायका माझ्याकडे पाठ दाखवायला येतात.