राष्ट्रपती निवडणुकीत आमदाराचं मत ‘फुटतं’ म्हणजे काय?

प्रश्न : राष्ट्रपतीची निवडणूक आली की दर वेळी टीव्हीवर सांगतात, या राज्यात इतकी मतं फुटली, त्या राज्यात तितकी. आमच्या कट्ट्यावर यावरून चांगलीच वादावादी झाली. माझं म्हणणं, ज्या चिन्हावर निवडून आलात त्या पक्षाच्या उमेदवाराला मत दिलं नाही तर आमदारकी गेलीच पाहिजे. मग आजवर कुणाची गेल्याचं ऐकलं कसं नाही? – एक वाचक, कराड

उत्तर : तुमचा राग समजतो. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत जे बघितलं त्यानंतर ‘फुटला’ शब्द कानावर आला तरी डोकं तापतं. पण ही निवडणूक वेगळी आहे हो. व्हिप, म्हणजे असंच मत द्या हा पक्षाचा आदेश, मोडला म्हणून आमदारकी जाते ती सभागृहातल्या मतदानात, पक्षांतरबंदीचा कायदा तिथे लागतो. राष्ट्रपतीचं मतदान विधान भवनात होत असलं तरी ते सभागृहाचं कामकाज नसतं, आमदार तिथे एक मतदार म्हणून जातो, आपण शाळेतल्या बूथवर जातो तसाच, त्यामुळे पक्ष त्याला विनंती करू शकतो, व्हिप काढू शकत नाही. वर मत गुप्त. राज्यसभेला आपल्या पक्षाच्या एजंटला मतपत्रिका दाखवावी लागते, इथे उलट, दाखवली तर मतच बाद!

मग फुटलं हे कळतं कसं? तर मतपेट्या दिल्लीला जातात, पण प्रत्येक राज्याची मोजणी वेगळी होते. त्यामुळे किती फुटले याचा अंदाज येतो, कोण ते नाही कळत.

आणि एका गोष्टीत गल्लत करू नका. एखादा आमदार गुपचूप दुसरीकडे मत देतो ते वेगळं, आणि अख्खा पक्ष उघडपणे आघाडी सोडून मत देतो ते वेगळं. दुसऱ्याचं उदाहरण आपल्याच घरात आहे. २००७ ला शिवसेना एनडीएत होती, एनडीएचा पाठिंबा भैरोसिंह शेखावतांना होता, तरी बाळासाहेबांनी मराठी बाई राष्ट्रपती होतेय म्हणून काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटलांना मतं दिली. प्रतिभाताईंना ६,३८,११६ मतमूल्य मिळालं (इथे प्रत्येक मताला ठरलेलं वजन असतं, त्यांची ही बेरीज), शेखावतांना ३,३१,३०६, म्हणजे सेनेशिवायही त्या आल्याच असत्या, पण जळगावची लेक राष्ट्रपती होताना मराठी पक्ष विरोधात उभा नव्हता याचं मोल मला आजही वाटतं. २०१२ ला सेनेनं परत तेच केलं, प्रणव मुखर्जींना मत. आणि २०२२ ला सरकार जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा उद्धव ठाकरेंनी द्रौपदी मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला, महाविकास आघाडीतले सोबती यशवंत सिन्हांकडे असताना.

प्रश्न : पण अशा मतांनी कधी निकाल फिरलाय का, की नुसतीच चर्चा? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फिरलाय, १९६९ ला, आणि त्यात आपला एक माणूस मधोमध होता. मे महिन्यात झाकिर हुसेन गेले. काँग्रेसचा अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, पण इंदिरा गांधींना ते नको होते, व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले आणि इंदिराबाईंनी आपल्या लोकांना सांगितलं, विवेकबुद्धीला स्मरून मत द्या. तिसरे उमेदवार आपले सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ ला अर्थमंत्रीपद सोडणारे. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ त्यांच्यामागे होते.

आता आकडे बघा, जरा सावकाश वाचा कारण खरी गोष्ट यातच आहे. इथे मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देतो, आणि जिंकायला लागत होतं ४,१८,१६९ मतमूल्य. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कुणीच पोचलं नाही. मग देशमुख आणि बाकीच्या छोट्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजायला घेतली, आणि रेड्डी एकदम ४,०५,४२७ वर गेले, म्हणजे पहिल्या पसंतीच्या गिरींच्याही पुढे! पण त्याच मोजणीत गिरींनाही १८,५६२ मिळाले आणि ते ४,२०,०७७ वर जाऊन जिंकले. म्हणजे एकीकडे काँग्रेसवाल्यांनी स्वतःच्या अधिकृत उमेदवाराला सोडलं, आणि दुसरीकडे देशमुखांसारख्यांना पहिलं मत देणाऱ्या काहींनी दुसरं मत इंदिराबाईंच्या माणसाला दिलं, दोन्ही बाजूंनी रेषा ओलांडली गेली तेव्हा हा निकाल लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली. दुसऱ्या पसंतीपर्यंत मोजणी गेलेली राष्ट्रपतीची ही एकमेव निवडणूक.

प्रश्न : एका आमदारानं असं केलं तर कितीचा फरक पडतो? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : राज्यावर अवलंबून. १९७१ च्या जनगणनेवरून मूल्य ठरतं. महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५, तुमच्या गोव्याच्या आमदाराचं २०. अख्खी गोवा विधानसभा मिळून ८००, म्हणजे महाराष्ट्रातले पाच आमदार गोव्याच्या चाळीस जणांना भारी पडतात. विधान परिषदेवाल्यांना हे मत नाहीच.

प्रश्न : मग आम्ही आमदाराला जाबही विचारायचा नाही का? – पुन्हा कराडचेच वाचक

उत्तर : जरूर विचारा, मी तर म्हणते विचाराच. कायद्यानं त्याला मोकळीक दिली ती पक्षाच्या दडपणातून, तुमच्या प्रश्नातून नाही. राष्ट्रपती सगळ्या देशाचा असतो म्हणून तिथे माणूस बघून मत द्यावं असं मला मनापासून वाटतं, आणि एखाद्यानं खरंच माणूस बघून पक्षाच्या पलीकडे मत दिलं तर मी त्याला गद्दार म्हणणार नाही. पण पैसे किंवा पद बघून दिलं असेल तर तो गुन्हाच, आणि मतपत्रिका बघून हे दोन वेगळे करता येत नाहीत, हेच मला सगळ्यात जास्त सलतं. सांगायची सक्ती तुम्ही करू शकत नाही. तरी पुढच्या वेळी मतदानाच्या आधीच, गावात सभा असेल तेव्हा, चारचौघांत विचारून ठेवा की साहेब तुम्ही कुणाला देणार आणि का.