जनरल सर्जरीचं पहिलं वर्ष खरंच इतकं ‘टॉक्सिक’ असतं का? सीट मिळतेय, घ्यावी का?

मी सरकारी कॉलेजातून एमएस (सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण) केलं, आता तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. काम प्रचंड असतं, ते खरंच आहे. पण नुसत्या कामाने सीट सोडून गेलेलं मी कोणाला पाहिलं नाही.

जेआर-वनचा, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनिअर रेसिडेंटचा, बराचसा दिवस सर्जरीत जातच नाही. ब्लड बँकेत पिशवीसाठी उभं राहा, सीटीची तारीख मिळवा, ड्रेसिंग, डिस्चार्ज कार्डं, राउंडआधी सगळे रिपोर्ट तोंडपाठ. वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) नसले की ट्रॉलीही तुम्हीच ढकलायची. यातलं कितीतरी काम न भरलेल्या पदांचं, पण एक रिपोर्ट राहिला की पेशंटसमोर शिव्या तुम्हाला.

मग कोणी तक्रार का करत नाही? ऑपरेशन पुस्तक वाचून येत नाही, कोणीतरी तुमच्या हाती ब्लेड द्यावं लागतं. देणारा आणि छळणारा बहुतेकदा एकच असतो. हर्निया, अपेंडिक्स ‘मिळणं’ हीच तिथली कमाई, आणि ‘तुला केस नाही’ ही शिक्षा. वर थिसिसवर सही गाइडची. आमच्यातल्या एकाने वर अर्ज दिला. त्यानंतर कित्येक महिने तो नुसता रिट्रॅक्टर (चीर उघडी धरायचं अवजार) धरून उभा. कागदावर काहीच नाही, दाद मागणार कशाची?

नियमांची कमतरता नाही. केंद्राच्या १९९२च्या रेसिडेन्सी योजनेत दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तास लिहिलेत. २०२३च्या एनएमसी (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) नियमावलीत तास फक्त ‘वाजवी’ हवेत, साप्ताहिक सुट्टी मात्र आहे. २०२४मध्ये एनएमसीच्याच टास्क फोर्सने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास सुचवले. (४८वरून ७४वर, ही आपली प्रगती!) महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९पासून आहे, २०१९मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या रेसिडेंट डॉक्टरच्या आत्महत्येनंतर (सीनियर्सवर छळाचा आरोप होता) तो सगळ्यांना आठवला.

सर्जरी आवडत असेल तर घ्या, पण डिपार्टमेंट तपासून. तिथल्या जेआर-थ्रीला कॅम्पसबाहेर चहाला गाठा. ‘सर कसे आहेत’ विचारू नका, सगळे चांगलंच सांगतील. स्वतःच्या हाताने काय काय केलंस आणि गेल्या दोन-तीन बॅचमधून किती जण सोडून गेले, एवढंच विचारा. आणि सीट सोडली तर दंड किती, हे प्रवेशाआधी वाचा. तो रद्द करा असं एनएमसीने २०२४मध्ये राज्यांना सुचवलं होतं, पण तुमच्या बाँडवर काय छापलंय तेच तुम्हाला लागू.